मन लागत नाही म्हणालीस ना…

छोटे, परवा फोनवर तू हळूच म्हणालीस, "आपा, नमाज पढते गं, पण मन लागत नाही. उठाबशा काढल्यासारखं वाटतं. मन लागेपर्यंत बंदच ठेवू का?" मागे अम्मी भांडी लावत होती, म्हणून मी नुसतं हं-हं केलं. आता ती झोपलीय, तर बोलू या.

बंद नको करूस. मोठेपणाच्या तोऱ्यात नाही सांगत. मी स्वतः बंद करून बसले होते. अब्बांची बायपास झाली त्या वर्षी चार महिने मी मुसल्ल्याकडे फिरकले नाही. घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. वाटायचं, पोटात एवढा राग घेऊन उभी कशी राहू? आधी मन साफ होऊ दे, मग बघू. म्हणजे कपडे स्वच्छ झाले की धुवायला काढीन, असला प्रकार!

दादीच्या मात्र ते लक्षात आलं होतं. एक दिवस मिरच्यांची देठं काढता काढता ती म्हणाली, "पढशील तेव्हा एवढंच कर. रुकूतून उठलीस की पाठ सरळ होऊ दे. त्याआधी सजद्यात जाऊ नकोस." मला हसूच आलं. माझं दुखणं मनाचं आणि ही पाठीचं सांगतेय!

पुढे कळलं, दादीचं बोलणं थेट हदीसमधून आलेलं होतं. एक माणूस मशिदीत येऊन भराभर नमाज उरकतो आणि पैगंबरांना (स.) सलाम करतो. ते सलामाला उत्तर देतात आणि म्हणतात, परत जा, तुझी नमाज झाली नाही. असं तीनदा होतं. शेवटी तो म्हणतो, मला याहून बरी येत नाही, तुम्हीच शिकवा. आणि मग ते काय शिकवतात? रुकूत स्थिर हो, उठून सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, बसलास की स्थिर बस. मन असं ठेव, तसं ठेव, हे त्यात कुठंच नाही. मला तर याचं फार बरं वाटलं. मनाला हुकूम देता येत नाही गं, पण पाठीला देता येतो. अंग थांबलं की मन जरा उशिरानं का होईना, मागनं येतं. दर वेळी येतं असं नाही. माझं अजूनही पाचातल्या दोन वेळा बाजारातच असतं.

दुसरं. फर्ज रकाती दिवसाच्या १७. प्रत्येक रकातीत सूरे फातिहा, म्हणजे त्याच ७ आयती आपण रोज निदान १७ वेळा म्हणतो. तू त्या पाच वर्षांची असताना उस्तानींकडे घोकल्यास, चुकलं की छडी बसायची. अर्थ तेव्हा कुणी सांगितला नाही आणि नंतर आपण विचारला नाही. मराठी भाषांतर घेऊन बस. एका आठवड्याला एकच आयत, जास्त नको. मी तसं केलं आणि मधल्या आयतीशी अडकले. तोवर सगळं बोलणं अल्लाहविषयी चाललेलं असतं, तो असा, तो तसा. आणि मधेच, काही न सांगता, बोलणं थेट त्याच्याशी सुरू होतं. 'तो'चा 'तू' होतो. इतकी वर्षं मी त्या वळणावरून गाडी न थांबवता जात होते. आता तिथं एक श्वास घेते.

नमाज अरबीत, पण सलाम फेरल्यावर हात उचललेस की दुआ मराठीत माग. मी तर आपल्या मिरजेच्या बोलीत भांडते सुद्धा.

तुझ्या त्या आखातातल्या नोकरीचं. इस्तिखारा करायचा म्हणतेस, तर जरूर कर. दोन रकात नफल आणि मग दुआ. पण स्वप्नात हिरवं दिसलं की हो आणि लाल दिसलं की नाही, असलं काही कुणाच्या नादी लागून धरू नकोस. तो काही कौल लावणं नव्हे. यात माझं भलं असेल तर सोपं कर, नसेल तर मला त्यापासून वळव, एवढंच त्यात मागायचं असतं. आधी पगाराचा कागद नीट वाच, तिकडं राहून आलेल्या दोघी-तिघींना विचार. मग माग.

आता दवाखान्यातल्या तुझ्या नाइट ड्यूटीचं. हात इतके दुखतात की सलाम फेरला की पडावंसं वाटतं म्हणालीस. हजरत फातिमांचेही हात दुखायचे गं. जातं ओढून ओढून घट्टे पडले होते. घरकामाला माणूस मिळेल का, हे विचारायला त्या वडिलांकडे गेल्या. वडील कोण, तर खुद्द पैगंबर. माणूस मिळाला नाही. रात्री ते लेकीच्या घरी आले, दोघा नवरा-बायकोंच्या मध्ये बसले आणि झोपताना म्हणायला दिलं: ३३ वेळा सुब्हानअल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. लहानपणी ही गोष्ट ऐकून मला वडिलांचा रागच यायचा. दादीनं स्वतः उमेदीत जातं ओढलेलं, तिला कधी राग आला नाही. ती बोटांच्या पेरांवर मोजत मोजत झोपायची. बऱ्याचदा सुब्हानअल्लाहच्या विसाव्यालाच घोरायला लागायची.

आणि तुमच्याकडे ड्यूटी संपताना हँडओव्हर असतो ना? कोणाला काय दिलं, काय राहिलं, कुणाकडे लक्ष ठेवायचं. झोपण्याआधी दोन मिनिटं स्वतःचा तसाच हँडओव्हर दे. याला मुहासबा म्हणतात. इमाम गझालींनी यावर सविस्तर लिहिलंय. बगदादच्या निजामियात शिकवणारा एवढा मोठा आलिम, पण १०९५ साली त्यांची वाचाच बसली. शिकवायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना, घास गिळवेना; हकिमांनी हात टेकले. शेवटी मानाची जागा सोडून ते दमास्कसच्या वाटेला लागले. त्यांचं असं झालं, तर हॉस्टेलच्या खोलीत तुझं मन लागत नाही यात लाजण्यासारखं काय?

पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, तिची कजाही नाही, हे तुला माहीत आहे. पण दुआ आणि जिक्र त्या दिवसांतही चालूच असतात, ते सोडू नकोस. एरवी कंबर धरली असेल तर नमाज बसून पढ. आणि झोप जर महिनाभर उडालेली असेल, तर कोपऱ्यात बसून नुसती तस्बीह ओढू नकोस, तुमच्याच दवाखान्यात कुणाला तरी दाखव. इलाज करा, हेही पैगंबरांनीच सांगितलंय.

अब्बा गुरुवारी कोयनेनं येतायत. त्यांच्याकडे शेंगदाण्याची चटणी आणि दादीचा मुसल्ला देते. गुडघ्यांच्या जागी विरलाय, पण अजून धड आहे. हॉस्टेलच्या मशीनमध्ये टाकू नकोस, हातानं धू. हिरवा रंग जातो त्याचा.