आधी मोकळी जागा, मग प्लॉट

साताऱ्यात आणि सांगलीत मी गेली अनेक वर्षं ले-आउटचे नकाशे काढते. नकाशावर हिरवा रंग दिलेली जागा पुढे कशी होते, तेही मी पाहत असते. नव्या वसाहतीत प्लॉट घेणाऱ्यांना आणि त्या वसवणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे : ओपन स्पेस आधी ठरवा, प्लॉट त्यानंतर पाडा.

नियम आहेच. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा खुली ठेवावी लागते. म्हणजे एकराला साधारण चार गुंठे. क्षेत्रफळाचा हा हिशोब सगळेच जुळवतात. पण ते चार गुंठे नेमके कुठले, हे सगळ्यात शेवटी ठरतं आणि तिथेच घात होतो.

साताऱ्याच्या बाहेर उतारावर वसलेल्या एका वसाहतीत ओपन स्पेस म्हणून ओढ्याकाठचा तिरपा तुकडा सोडलेला होता. एका कोपऱ्यात विजेची डीपी, आत जायला दोन कंपाउंडच्या मधली बोळकांडी. घसरगुंडी आणि सीसॉ बसवून जागा 'विकसित' झाली. पोराने चेंडू मारला की तो थेट ओढ्यात. झाड एकही नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये घसरगुंडीच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही. पावसाळ्यात गाजरगवत कमरेएवढं वाढलं, मग कुणीतरी खडी टाकली, कुणी टेम्पो लावला. बायका संध्याकाळी रस्त्यावरच फिरतात, वाहनं चुकवत. बाग गेली कुठे, असं तिथे कुणी विचारतही नाही, कारण ती कधी झालीच नव्हती.

म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा पावसाळ्यात जा. साताऱ्याकडे डोंगरउताराचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते जमिनीवरच कळतं. त्या पाण्याचे चर बुजवू नका. उताराला दगडी ताली घालून टप्पे केले तर तीच जागा सुंदर होते, आणि मुरुमात पाणीही मुरतं. सांगलीकडे गोष्ट निराळी. सपाट काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नीट भराव न करता बसवलेले पेव्हर ब्लॉक उचकटतात. शिवाय कृष्णा नदी आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथे बाग सखल भागात असली तर बिघडत नाही, पाणी येऊन ओसरून जाईल. पण वसाहतीचं सभागृह उंचावरच हवं, त्याचं जोतं 2019 च्या पुराची खूण पाहून ठरवा. पुरात शेजारपाजारची माणसं तिथेच आसऱ्याला येतील.

झाडं घरांच्या आधी लावा. पहिलं घर उभं राहण्यापूर्वीच्या जूनमध्ये कडुनिंब, करंज, बहावा लावून पाण्याची सोय केली, तर लोक राहायला येईपर्यंत ती सावली धरू लागतात. कट्टा झाडाच्या पूर्वेला बांधा, म्हणजे चारनंतरची सावली कट्ट्यावर पडते. सांगलीच्या आमराईत लोक झाडांसाठी जातात, खेळण्यांसाठी नव्हे, हे विसरू नका.

सभागृहाबद्दल मी जरा जास्त आग्रही आहे. मोठा हॉल बांधून त्यावर नावाची पाटी लावायची हौस सगळ्यांनाच असते. पण तिथे होणार काय? बारसं, हळदीकुंकू, भजन, गणपतीतली आरास, कुणाच्या घरी दुःखद प्रसंग आला तर चार माणसं बसायला जागा. यासाठी मोठं पातेलं ठेवता येईल असा ओटा हवा, खुर्च्या ठेवायला खोली हवी आणि बायकांचं स्वच्छतागृह उजेडात, येण्याजाण्याच्या वाटेवर हवं. मागच्या अंधाऱ्या बाजूला असलेलं स्वच्छतागृह कुणी वापरत नाही. आणि बांधकामाआधीच लिहून ठेवा : वीजमीटर कुणाच्या नावावर, बिल कोण भरणार, किल्ली कुणाकडे. बिल थकल्यामुळे वीज तोडली आणि कुलूप लागलं, असा चांगला हॉल मी सांगली भागात पाहिला आहे. त्यापेक्षा पत्र्याच्या छपराचा, तीन बाजूंनी उघडा मंडप रोज वापरात राहतो.

कागदांचंही पाहा. मंजूर ले-आउटची प्रत मागा, ओपन स्पेसचा स्वतंत्र सातबारा कुणाच्या नावे आहे ते बघा, हद्दीचे दगड जागेवर आहेत ना, ते मोजणी करून तपासा. प्रकल्प रेरात नोंदलेला असेल तर मंजूर आराखड्यातली सामायिक जागा दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नाही. रेरा कायद्याचं कलम 14 तेच सांगतं. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगलोरमधली उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणं रद्द ठरवलं, ती जागा लोकांचीच राहिली. पण तिथे लढायला रहिवासी उभे होते. हद्द बदलते तेव्हाही रहिवासीच लागतात. 2020 मध्ये शाहूपुरी, शाहूनगर, विलासपूर हा भाग सातारा नगरपालिकेच्या हद्दीत आला. अशा वेळी कार्यालय बदलतं आणि कोणती जागा कशासाठी राखलेली, हे नव्या माणसांना रहिवाशांनीच दाखवावं लागतं. म्हणून वसाहतीतली पहिली दहा घरं वस्तीला आली की संस्था नोंदवून घ्या आणि ओपन स्पेसच्या फाइलची एक प्रत तिच्या कपाटात ठेवा.