पडद्यावरील अनाहूत संदेश

बुऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी लिनक्स संगणकावर हजेरीपत्रक किंवा खसऱ्याच्या नोंदी भरत असता मध्येच यंत्रणेच्या ओळी उमटतात आणि मजकूर बिघडला असे समजून लेखनिक तो पुसू लागतो. असे करू नये. त्या ओळी पडद्यापुरत्याच असतात, फाईलमध्ये शिरत नाहीत. 'व्हीआय' संपादकात कंट्रोल व एल या कळा एकत्र दाबताच पडदा पूर्ववत होतो.

हे संदेश बहुधा दोन वाटांनी येतात. पहिली कर्नेलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची. संदेशांची निकड ० ते ७ अशा पायऱ्यांनी मोजतात. शून्य सर्वांत निकडीचा. प्रशासकाने 'डीएमईएसजी -एन ४' ही आज्ञा दिल्यास मुख्य पडद्यावर ० ते ३ पायऱ्यांचेच संदेश येतात. संगणक पुन्हा सुरू केल्यास आज्ञा पुन्हा द्यावी लागते. दुसरी वाट 'सिसलॉग' या नोंदसेवेची. (एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात ती रचली, तीही मुळात टपालप्रणालीकरिता!) तिच्या मांडणी-फाईलमध्ये आणीबाणीचे संदेश सर्व वापरकर्त्यांकडे धाडणारी ओळ असल्यास ते केवळ प्रशासकाकडे वळवावेत व सेवा पुन्हा सुरू करावी.

नोंदसेवाच बंद करावी, असा सल्ला काही जण देतात. तो घातक आहे. तबकडी निकामी होऊ लागल्याची पहिली खूण पुष्कळदा याच नोंदींत सापडते. वरील उपायांनी पडदा तेवढा मोकळा होतो, नोंदी जमा होतच राहतात. प्रशासकाने त्या आठवड्यातून एकदा तरी वाचाव्यात.