शांत शीतकाची निवड

जयपूरच्या वैशाली नगरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील एखादा तरुण अशा दिवसांत रात्री संगणकावर चित्रफिती जुळवू लागला, की ग्राफिक्स कार्डाचा लहानसा पंखा घरघरू लागतो आणि शेजारी निजलेल्यांची झोप मोडते. काम थांबवावे, तर रोजी बुडते.

मूळ पंखा काढून निराळा शीतक बसवणे, हा यावरील एक उपाय होय. (उन्हाळ्यात खिडकीत लावतात तो पाण्याचा कूलर येथे अभिप्रेत नाही.) शीतकाचे मर्म त्याच्या पत्र्यांत असते. चिपची उष्णता तांब्याच्या नळ्यांवाटे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत पसरते. नळीतील किंचित द्रव चिपजवळ वाफ होतो व गार टोकाशी पुन्हा द्रव होऊन परततो. पत्र्यांचे क्षेत्रफळ मोठे असले, की थोडा वाराही पुरतो. मोठा पंखा सावकाश फिरूनही लहान पंख्याइतकी हवा सारतो. म्हणूनच तो शांत असतो.

मात्र खोलीतील हवेहून चिप अधिक गार करणे कोणत्याही पंख्याला साधत नाही. जानेवारीत पुरेसा वाटलेला शीतक मे महिन्यात तोकडा पडतो. बिनपंख्याचा शीतक तर येथे टाळलेलाच बरा. खरेदीपूर्वी कार्डावरील भोकांमधील अंतर मोजावे, पेटीत जागा आहे का ते पाहावे आणि मूळ पंखा काढल्याने हमी रद्द होते का, तेही विचारावे. पत्रे फार दाट असू नयेत; आंधीची धूळ त्यांत अडकते आणि मग शांत पंखाही वेगाने फिरू लागतो.