इंजिन फिरवलं, तरी गाडी तिकडेच का?

प्रश्न : आमच्याकडे विजेवर धावणारी छोटी रेल्वे आहे. इंजिन उचलून उलट्या तोंडाने रुळावर ठेवलं, तरी ते आधीच्याच दिशेला जातं. त्याला दिशा कळते तरी कशी?

उत्तर : इंजिनाला दिशा कळतच नाही, ती रुळांनी ठरवलेली असते. तुमची गाडी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर चालते. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांमधून प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतो. इंजिन फिरवून ठेवलंत की उजवी चाकं डावीकडच्या रुळावर जातात, मोटरला प्रवाह उलटा मिळतो आणि ती उलटी फिरते. तोंडही फिरलं, मोटरही फिरली. म्हणून गाडी होती त्याच दिशेला निघाली. कंट्रोलरवरचं दिशेचं बटण एवढंच करतं : रुळांकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल.

वेगाचं काम व्होल्टेज करतं. शून्यापासून साधारण 12 व्होल्टपर्यंत ते वाढवत न्यायचं. पण अगदी कमी व्होल्टेजला मोटर अडून बसते आणि मग एकदम हिसका देऊन सुटते. म्हणून चांगले कंट्रोलर पूर्ण व्होल्टेजचेच झटके सेकंदाला अनेकदा देतात. झटका जितका लांब, तितका वेग जास्त. फलाटावरून गाडी सावकाश हलताना पाहण्याची खरी मजा त्यामुळेच मिळते.

या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवलीत तर दोन्ही एकदमच धावतील. त्यासाठी शौकीन मंडळी रुळांचे तुकडे विजेपुरते वेगळे करून प्रत्येकाला स्वतंत्र स्विच लावत. 1990च्या दशकात जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या तंत्रावर आधारलेली डीसीसी ही डिजिटल पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली, आणि माझ्या मते या छंदातला तो सर्वांत मोठा बदल. तिथे रुळांत वीज कायम असते, तिची दिशा सतत उलटसुलट होते आणि त्या बदलांच्या कमी-जास्त लांबीतून हुकूम जातात : ‘3 क्रमांक, मागे, सावकाश.’ इंजिनातला डिकोडर आपला क्रमांक ओळखून मोटर फिरवतो. त्यामुळे अशा इंजिनाचं तोंड फिरवलंत, तर गाडीची दिशाही फिरते.

पुढेमागे डीसीसी संच घेतलात, तर डिकोडर नसलेलं हे जुनं इंजिन त्या रुळांवर ठेवू नका. उभ्या उभ्या त्याची मोटर तापून जळू शकते.