मनाची गोळी सुरू करताना: शहापूरकरांसाठी खर्चाचा हिशेब

छातीत धडधडतं, रात्री तीनला जाग येते, जेवण जात नाही, माणसांत बसवत नाही. अशा तक्रारीवर डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली की घरात पहिला प्रश्न निघतो, हे किती दिवस आणि किती पैसे? बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेत मागावर दिवस भरला तरच पगार हातात पडतो अशी घरं आजही पुष्कळ आहेत. तिथं हा प्रश्न अगदी रास्त आहे. गोळी महाग नाही. महाग पडतं ते दहाव्या दिवशी ती सोडून देणं, कारण तोवरची फी, तपासण्या, बुडालेले दिवस सगळं पाण्यात जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सोडली का जाते, ते आधी समजून घ्या. चिंता आणि उदासी या दोन्हींसाठी डॉक्टर बहुधा एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन यांपैकी एखादी गोळी निवडतात. या गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पातळ शौचाला होणं, तोंड कोरडं पडणं, झोप उडणं किंवा उलट गुंगी येणं, हे होऊ शकतं. काहींची तर धडधड सुरुवातीला वाढते आणि ‘गोळीनंच बिघडलं’ असं वाटून पाकीट कोनाड्यात जातं. हा त्रास बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. मनावरचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी येतो. म्हणून पैशांची तजवीज पहिल्याच दिवशी दोन महिन्यांची करा. पंधरा दिवसांच्या गोळ्या आणून ‘बघू गुण येतो का’ म्हणणं या औषधाला लागू पडत नाही.

आता आकडे. खासगी दवाखान्याची फी जागोजागी वेगळी आहे, म्हणून उदाहरणापुरती ५०० रुपये धरू. पहिल्या दोन महिन्यांत तीन भेटी लागतील असं समजा: सुरुवातीची, दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. पुढचे दहा महिने दर दोन महिन्यांनी एक, म्हणजे पाच. वर्षाच्या आठ भेटींचे ४,००० रुपये झाले. कंपनीची गोळी १० रुपयांना एक धरली तर ३६५ गोळ्यांचे ३,६५० रुपये. एकूण ७,६५०. म्हणजे गोळ्यांपेक्षा फीच जास्त होते. त्यामुळे नाव नोंदवतानाच फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या: फेरतपासणीला किती दिवसांपर्यंत फी लागत नाही, आणि तब्येत स्थिर झाल्यावर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून मिळतील का. हे विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

गोळ्यांचा खर्च खाली आणायला जनौषधी केंद्र आहे. तिथल्या औषधांचे भाव कंपनीच्या नावाच्या औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के कमी असतात, असं सरकारच सांगतं. अर्धा भाव धरला तरी वरच्या हिशेबातले १,८०० रुपये वाचतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम ठळक लिहून मागा. कंपनीचं नाव मोठं आणि मूळ नाव बारीक अक्षरात असतं, त्यामुळे दुकानात गोंधळ उडतो. जवळचं केंद्र ‘जनौषधी सुगम’ या मोबाइल अॅपवर सापडतं. नेहमीच्या मेडिकलमधूनच घेणार असाल तर भाव पाकिटावर न जाता गोळीवर काढा, कारण काही पाकिटांत १० गोळ्या असतात तर काहींत १५. एस्सिटॅलोप्राम आणि फ्लुऑक्सेटीन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या भावाला सरकारी कमाल मर्यादा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल मागून घ्या. एकदा सोसलेल्या कंपनीची गोळी दर महिन्याला बदलू नका. बदलावीच लागली तर मूळ नाव आणि ताकद तीच आहे हे तपासा.

फी परवडत नसेल तर सिव्हिल, म्हणजे बिम्स या सरकारी वैद्यकीय संस्थेचं जिल्हा रुग्णालय. शहापुरातून कपिलेश्वर पूल ओलांडला की ते फार लांब नाही. तिथं मानसोपचार विभाग आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा इथं तुमच्या बाजूनं उभा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत आहेत. अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सर्वांनाच मोफत मिळायला हवीत, असंही तो सांगतो. औषध संपलंय असं सांगितलं तर पुन्हा कधी येईल ते विचारा आणि तोवरच्या गोळ्या बाहेरून घ्या. साठा येईपर्यंत खंड पाडू नका. सिव्हिलचा खरा खर्च रांगेचा आहे, अर्धा दिवस तरी धराच. मालकाला आधी सांगून ठेवता आलं तर बरं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी कर्नाटकाचा ‘मनोचैतन्य’ कार्यक्रम आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ मंगळवारी तालुका रुग्णालयात येतात. निघण्याआधी फोन करून त्या मंगळवारची खात्री करा.

आपल्याकडे पुष्कळजण ओळखीचं कोणी भेटेल म्हणून गावातला दवाखाना टाळतात आणि कोल्हापूर किंवा मिरज गाठतात. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ आहे, सीपीआर रुग्णालयही आहे, त्यांचं जाणं समजतं. शहापूरकरानं मात्र नुसत्या लाजेपोटी दर भेटीला दोन माणसांचं भाडं आणि दिवसाची मजुरी घालवू नये. तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं त्याच कायद्यानं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मोठ्या संस्थेत दाखवावंसं वाटलं तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना शक्ती योजनेत, ११ जून २०२३ पासून, राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. धारवाडला ती सवलत मिळते, सीमा ओलांडणाऱ्या बसला मिळत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा.

विम्याकडून फार आशा धरू नका. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असा नियम २९ मे २०१८ पासून लागू आहे. पण नेहमीच्या पॉलिसी दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक काय किंवा महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केलेली महात्मा फुले योजना काय, दोन्ही मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहेत. रोजच्या गोळीचा खर्च घरातूनच करायचा आहे.

तपासण्यांत कुठं हात आखडावा आणि कुठं नाही? थायरॉईड आणि हिमोग्लोबिन एकदा पाहणं योग्य, कारण थायरॉईड मंदावलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. साठीच्या पुढच्यांत या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, ती तपासणी डॉक्टरांनी सांगितली तर टाळू नका. हृदयविकार असेल तर ईसीजीही. मात्र मेंदूचं स्कॅन, मोठी पॅकेजेस, ताकदीची टॉनिकं कोणी गळ्यात मारत असेल तर ‘याची गरज नेमकी कशासाठी?’ असं विचारा. साध्या चिंतेला आणि उदासीला ती सरसकट लागत नाहीत.

मागावर बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जीव तोडून सांगाव्याशा वाटतात. गुंगी येते का ते कळेपर्यंत यंत्राजवळ आणि दुचाकीवर जपून राहा. गुंगी येत असेल तर गोळीची वेळ सकाळऐवजी रात्री करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि पाठ-कंबर दुखली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी घ्यायची सवय असेल तर ती आधी सांगा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन यांच्या जोडीनं पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलबरोबर तर जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. दारू या काळात नकोच.

सुरुवातीची घालमेल शमवायला डॉक्टर काही दिवस क्लोनाझेपामसारखी झोपेची गोळी जोडतात. ती लगेच गुण देते, म्हणून माणसं खरी गोळी सोडून हीच धरून ठेवतात आणि पुढं सवय लागते. दोन्ही औषधं एकाच गोळीत असतील तर वेगवेगळी लिहून देता येतील का ते विचारा, म्हणजे झोपेची गोळी आधी कमी करून थांबवता येते. थांबवायची तीही डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू.

बरं वाटू लागल्यावरही गोळी निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. इथं घरचे म्हणतात, ‘आता चांगली आहेस ना, कशाला पैसे घालवतेस?’ ती बरी आहे ती गोळी चालू आहे म्हणून, हे त्यांना डॉक्टरांसमोरच ऐकवा. अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, अंगात विजेसारखे झटके येतात. संभोगाची इच्छा मंदावणं हा या गोळ्यांचा नेहमीचा त्रास आहे. लाजेमुळे तो कोणी सांगत नाही आणि गोळी गुपचूप सुटते. डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

आणि एका बाबतीत खर्चाचा विचारच करू नका. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर मरणाचे विचार आले, वाढले, किंवा माणूस एकाएकी अतिउत्साही, बिनझोपेचा, बेलगाम बोलणारा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं आणि गोळ्यांची पाकिटं स्वतःजवळ ठेवावीत. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. रात्री-अपरात्री गरज पडली तर रुग्णाला एकटं न सोडता सिव्हिलच्या तातडीच्या विभागात न्या, खिशात पैसे नसले तरी न्या.