शेजाऱ्याने आपली बदनामी केली तर?



आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटे बोलण्यास मनाई करते. आज नांदेड-लातूरमध्ये आपल्यापैकी अनेकजण अपार्टमेंटमध्ये राहतात. जिना एक, पाण्याची टाकी एक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही एकच. सकाळी गच्चीवर बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर पोहोचतो.

बदनामीला निमित्त बहुधा पैशाचे किंवा चारित्र्याचे असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत टँकरसाठी वर्गणी निघते आणि हिशेब सांभाळणाऱ्यावर संशय येतो. रात्रपाळी करणारी परिचारिका, ‘लातूर पॅटर्न’साठी खोली घेऊन राहिलेली मुलगी किंवा एकटी राहणारी विधवा यांच्याबद्दलची कुजबुज तर अधिकच जिव्हारी लागते.

बदनामी कशाला म्हणावे?

ख्रिस्तसभेची शिकवण तीन पापे वेगळी सांगते. पुरावा नसताना मनात दोष धरणे हे पहिले. दुसऱ्याचा खरा दोष कारण नसताना चारचौघांत उघड करणे हे दुसरे. खोटे सांगून नाव घालवणे हे तिसरे. म्हणजे “मी खरे तेच बोललो” एवढ्याने आपण सुटत नाही.

देशाच्या कायद्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू आहे. बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. मात्र बोलणे तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचलेले असावे लागते. लोकहितासाठी सांगितलेले सत्य आणि योग्य अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही. टँकरच्या पैशांचा हिशेब मागणे हा सभासदाचा हक्क आहे. हिशेब न पाहताच ग्रुपवर “चोर” लिहिणे हा हक्क नाही.

काय करावे?

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने दाखवलेला क्रम इथेही उपयोगी पडतो.

१. प्रथम एकट्याने भेटा. जिन्यात भांडू नका, ग्रुपवर उत्तर देऊ नका. शांतपणे विचारा, “माझ्याबद्दल असे बोललात का? कशावरून?” पुष्कळदा गैरसमज तिथेच मिटतो.

२. ऐकले नाही तर दोघा विश्वासू माणसांना सोबत न्या. कोण, कधी, कोणासमोर बोलले याची तारखेसह नोंद ठेवा. ग्रुपवरचा मजकूर आपल्या फोनमधून पुसू नका. सोसायटीच्या समितीला लेखी कळवा आणि पोच घ्या. समिती समेट घडवू शकते. शिक्षा देणे तिच्या हातात नाही.

३. तरीही थांबले नाही तर कायद्याचा मार्ग मोकळा आहे. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस एनसी नोंदवतात. पुढे ज्याची बदनामी झाली त्याने दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची असते, तीही तीन वर्षांच्या आत. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष आहे. स्त्रीच्या शीलाचा अपमान करण्याच्या हेतूने तिला ऐकू जाईल असे बोलणे हा मात्र कलम ७९ खाली दखलपात्र गुन्हा आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळू शकतो.

क्षमा म्हणजे गप्प बसणे नव्हे

“ख्रिस्ती माणसाने कोर्टात जावे का?” असे विचारले जाते. मनातला सूड सोडणे म्हणजे क्षमा. पण त्यामुळे गेलेले नाव आपोआप परत येत नाही. म्हणूनच ख्रिस्तसभा सांगते की, ज्याने नाव घालवले त्याने ते भरून दिले पाहिजे. पापक्षमा मिळाली तरी ही जबाबदारी उरते. ग्रुपवर खोटे लिहिले असेल तर “मी लिहिले ते खोटे होते” हेही त्याच ग्रुपवर लिहावे. बंद दाराआड मागितलेली माफी अपुरी आहे. अशी दुरुस्ती झाली तर तक्रारदाराला खटला आपसांत मिटवण्याची मुभा कायदाही देतो.

ऐकणाऱ्यांचे काय? दानिएलच्या ग्रंथात निर्दोष सुसान्नेवर दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी आळ घेतला आणि सभेने लगेच विश्वास ठेवला. तरुण दानिएलने दोघांना वेगवेगळे करून विचारले, ती कोणत्या झाडाखाली दिसली? दोघांनी वेगवेगळी झाडे सांगितली आणि तिचे प्राण वाचले. आपल्या इमारतीत एकाने जरी “तुम्ही स्वतः पाहिले का?” असे विचारले, तरी बरीचशी बदनामी जिन्यातच थांबेल.

कुटुंबात चर्चेसाठी

१. या आठवड्यात कोणाबद्दल ऐकलेली गोष्ट आपण खात्री न करता पुढे सांगितली का?
२. ज्याची बदनामी चालू आहे असा शेजारी आपल्याला माहीत आहे का? आपण त्याच्या घरी जाऊन कधी बसलो?