जुने डिझेल मालवाहन : निवड, परीक्षा आणि यंत्रबदल

हुबळी-धारवाडच्या व्यापाऱ्यास मालवाहनावाचून गत्यंतर नाही. अमरगोळच्या बाजार आवारातील पोती गावातील वखारीत आणावयाची, नवलगुंद-अण्णिगेरीच्या काळ्या जमिनीतील गावांतून माल उचलावयाचा, ब्याडगीची मिरची रेल्वेपर्यंत पोचवावयाची, अथवा यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून अंकोल्याच्या किनाऱ्याकडे माल धाडावयाचा, अशी कामे वर्षभर चालू असतात. प्रत्येक वेळी नवे वाहन घेण्याचे सामर्थ्य सर्वांस नसते, आणि सामर्थ्य असले तरी व्यापारी बुद्धीस ते पटतेच असे नाही. म्हणून आपल्या सभासदांपैकी अनेकजण पाचसात वर्षे चाललेले डिझेल पिकअप किंवा लहान ट्रक खरेदी करतात. ही खरेदी शास्त्रशुद्ध कशी करावी, आणि वाहनाचे इंजिन वा गिअरबॉक्स बदलण्याचा विचार मनात आल्यास काय ध्यानात घ्यावे, याचे विवेचन करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. जुन्या वाहनाचे मोल केवळ इंजिनाच्या आवाजावर ठरत नाही. सांगाडा, कागद आणि भार या तिहींचा परस्परांशी मेळ आहे किंवा नाही, यावर ते ठरते. दुसऱ्या जातीचे बलवान इंजिन बसवून हा मेळ साधत नाही. असलेला मेळ मात्र मोडतो.

१. प्रथम भार ठरवावा, मग वाहन

पुष्कळ लोक आधी वाहन पाहतात आणि मग त्यात किती माल मावेल याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. आपल्या वहीतून गेल्या वर्षाच्या फेऱ्या काढाव्यात, एका फेरीस सर्वसाधारणपणे किती वजन जाते ते लिहावे, आणि जो आकडा येईल त्याहून थोडी अधिक क्षमता असलेले वाहन शोधावे.

बाजारात ज्या जाती आढळतात त्यांची ओळख अशी : २००५ साली आलेली टाटा एस, जिला लोक छोटा हत्ती म्हणतात, ही मुळात दोन सिलिंडरांची, ७०२ घन सेंटिमीटरची, पाऊण टनाच्या आसपास भार नेणारी गाडी. गल्लीबोळांसाठी ती उत्तम, घाटासाठी नव्हे. २०११ साली आलेली अशोक लेलँडची दोस्त आणि महिंद्रची बोलेरो पिकअप या सवा टनापासून पावणेदोन टनांपर्यंतच्या वर्गातल्या. त्यापुढे १९८६ सालापासून प्रसिद्ध असलेली टाटा ४०७. तिच्या मागील आसास दुहेरी चाके असतात आणि ती दोन टनांहून अधिक भार नेते. ज्याची नेहमीची फेरी अडीच टनांची आहे त्याने बोलेरो घेऊन तिच्यावर अडीच टन लादणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. बैलावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादू नये, हा त्याचा मूळ अर्थ. आज बैलाच्या जागी लोखंड आले, म्हणून तो अतिचार संपला असे आम्हांस वाटत नाही. लोखंडास वेदना नसेल. परंतु त्या लोखंडात बसलेला चालक, मागे पोत्यांवर बसविलेला हमाल आणि समोरून येणारा सायकलस्वार यांना ती आहे. दुप्पट वजनाचे वाहन त्याच वेगातून थांबवावयाचे तर ब्रेकांत दुप्पट उष्णता निर्माण होते, आणि घाटाच्या उतारावर तापलेले ब्रेक धरीनासे होतात. कायद्याचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अतिभारास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये असा दंड ठेवला आहे.

२. वाहनाची परीक्षा

परीक्षा नेहमी सकाळी, इंजिन थंड असताना करावी. विक्रेत्याने आधीच ते तापवून ठेविले असल्यास दुसरे दिवशी यावे. थंड इंजिन विनासायास सुरू झाले पाहिजे. धुराचा रंग बोलका असतो. भार ओढताना निघणारा दाट काळा धूर इंधन पुरते जळत नसल्याचे सांगतो. दोष इंजेक्टरांत, पंपात, टर्बोत वा हवेच्या गाळणीत असतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी ज्वलनकक्षात शिरत असल्याचा संशय घ्यावा. इंजिन चालू असता ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. तेथून वाफेचा जोरदार फुसकारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजले आहेत. रेडिएटरातील पाण्यावर तेलाचा तवंग अथवा ऑइलमध्ये दुधाळपणा दिसल्यास हेड गॅस्केटची शंका धरावी.

मग वाहनाखाली जावे. इंजिन दुरुस्त होते. वाकलेला सांगाडा पूर्ववत होणे दुर्घट. चासीच्या दोन्ही तुळ्यांवर, विशेषतः मागील पाटे जेथे अडकविलेले असतात तेथे, तडा, नवे वेल्डिंग वा ताजा रंग आहे काय ते पाहावे. ताजा रंग हा पुष्कळदा जुन्या जखमेवरील पडदा असतो. कारवार, अंकोला अथवा गोवा या बाजूस राबलेल्या वाहनास खाऱ्या हवेचा गंज लागलेला असतो. म्हणून पत्र्याचे सांधे टोकून पाहावेत. पुढील टायर एका कडेने झिजले असतील तर किंगपिन, आस वा सांगाडा यांत दोष संभवतो.

शेवटी माल भरून, चढावर, चालवून पाहावे. रिकामे वाहन सर्व दोष लपविते. चढावर इंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही, तर क्लच घसरत आहे. वेग सोडताच गिअर आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्स झिजला आहे. गिअर टाकताच खाली ठक् असा आवाज झाला तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावेत. धावताना मागून सतत गुणगुण येत असेल तर डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियनची झीज समजावी.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ मानकाची डिझेल गाडी घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. तिच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. लांब व वेगवान प्रवासात ती तापून काजळी जळून जाते. परंतु केवळ बाजार ते वखार अशा आखूड फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती तुंबते. म्हणून पूर्वीचा मालक गाडी कोठे चालवीत होता, हे विचारणे गैर नव्हे.

३. कागदांची परीक्षा

नोंदणीपत्रावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष धातूवरील क्रमांकांशी आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. दलालाच्या शब्दावर विसंबू नये. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत चोरून आणलेली वस्तू घेणे, म्हणजे तदाहृतादान, आणि एक दाखवून दुसरे देणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, यांचा उल्लेख आहे. घासलेला चासी क्रमांक हे पहिल्याचे चिन्ह, आणि मागे फिरविलेला किलोमीटरचा काटा हे दुसऱ्याचे. काटा काही सांगो, क्लचच्या पायदानाची झीज, आसनाचा खळगा व सर्व्हिसची बिले खरे सांगतात.

सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर वाहनाचा कर, विमा, योग्यता प्रमाणपत्र, प्रलंबित दंड आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. बोजा असल्यास कर्ज देणाऱ्याची फॉर्म ३५ वरील सही घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. वाहन सांगली-कोल्हापूरकडचे असेल तर तेथील नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते, आणि कर्नाटकाचा कर वेगळा भरावा लागतो. तो किमतीत धरूनच सौदा करावा. आठ वर्षांहून जुन्या मालवाहनास योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नवे करून घ्यावे लागते, हेही ध्यानात असावे.

४. यंत्रबदलाचा विचार

एकेकाळी आपल्या देशात यंत्रबदल ही सर्रास चाललेली गोष्ट होती. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, या एका कारणाने कित्येक जीपगाड्यांत व अँबॅसिडरांत मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविण्यात आले. त्या काळची इंजिने साधी होती. पंप, नळ्या व चार तारा जोडल्या की काम भागे. ज्या मिस्त्रींनी ती कामे केली त्यांच्या हातास आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्या दिवसांच्या आठवणीवर आजचा निर्णय करू नये.

प्रथम शक्तीचा मार्ग समजून घ्यावा. इंजिनाची पीळशक्ती क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट व डिफरन्शियल या क्रमाने चाकांपर्यंत जाते, आणि वाटेत प्रत्येक दात्याच्या प्रमाणाने गुणिली जाते. उदाहरणार्थ, इंजिनाची पीळशक्ती २०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ४ व डिफरन्शियलचे ४ धरले, तर घर्षण वगळता आसावर ३,२०० न्यूटन-मीटर येतात. त्या जागी ३०० चे इंजिन बसविले की तोच आकडा ४,८०० होतो. मधले सर्व भाग मात्र पहिल्याच हिशेबाने घडलेले असतात. मग क्लच जळतो, तो बदलला की गिअरबॉक्सचे दाते जातात, ते बदलले की क्राऊन-पिनियन तुटते. साखळीतील दुबळी कडी एका जागेहून दुसऱ्या जागी सरकते, एवढेच.

केवळ डिफरन्शियलचे प्रमाण बदलण्याचा सल्लाही कधी कधी दिला जातो. त्याचाही हिशेब पाहावा. सर्वांत वरच्या, एकास एक प्रमाणाच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटास २,५०० फेरे घेत आहे आणि चाकाचा परीघ २.२ मीटर आहे असे धरू. डिफरन्शियल ५ चे असल्यास चाक ५०० फेरे घेते व वेग ताशी ६६ किलोमीटर होतो. ४ चे असल्यास ६२५ फेरे व वेग सुमारे ८२ किलोमीटर. पहिले चढावर ओढते, दुसरे सपाटीवर पळते. एका हातास जे मिळते ते दुसऱ्या हाताने द्यावे लागते. म्हणून ज्यास घाट चढावयाचा आहे त्याने चढाचीच गाडी निवडणे बरे. महामार्गासाठी केलेली गाडी नंतर उघडून तिचे दाते बदलण्यात शहाणपण नाही.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकांची. पेट्रोल इंजिनाच्या नळीत आपोआप निर्वात निर्माण होतो. डिझेल इंजिनात तो तसा होत नाही. म्हणून डिझेल पिकअपमध्ये ब्रेकास साहाय्य करणारा निर्वात पंप इंजिनाबरोबर, पुष्कळदा अल्टरनेटरला जोडून, दिलेला असतो. बदललेल्या इंजिनात हा पंप नसला अथवा अपुरा पडला, तर गाडी उत्तम पळते आणि थांबत मात्र नाही. त्यातच जड इंजिनाने पुढील आसावर अधिक भार येतो आणि रेडिएटर अपुरा पडतो. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत तर संगणक, संवेदक व तारांचे जाळे इतके परस्परावलंबी आहे की, त्यातील एक भाग दुसऱ्या जातीच्या गाडीत सुखाने नांदणे कठीण.

कायदाही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. मंजूर संच बसवून इंधन बदलण्यासारखे अपवाद त्यात सांगितले आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थाचा निर्णय दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अपघात घडला आणि इंजिन क्रमांक जुळला नाही, तर विम्याच्या दाव्यात विघ्न उत्पन्न होते ते वेगळेच. आपल्या शास्त्रकारांनी विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हा अतिचार चौर्याच्याच पंक्तीस बसविला आहे, यातील मर्म येथे लक्षात येते.

मग इंजिन खरोखरच निकामी झाले तर काय करावे? मार्ग दोन. ते बोअर करून, नव्या रिंगा व बेअरिंगे घालून मूळ मापावर आणावे. अथवा त्याच बनावटीचे व त्याच जातीचे इंजिन, खरेदीच्या पावतीसह, नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने बसवावे आणि नवा क्रमांक नोंदणीपत्रात चढवून घ्यावा. या दोहोंचा खर्च वाहनाच्या किमतीच्या मानाने जड वाटत असेल, तर ते वाहन सोडून द्यावे.

५. हिशेबाची रीत

खरेदीची किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग होय. समजा, वाहन ४,००,००० रुपयांस घेतले व चार वर्षांनी २,००,००० ला विकले, तर वर्षास ५०,००० घट झाली. वर्षास २०,००० किलोमीटर धाव धरल्यास किलोमीटरला अडीच रुपये पडले. आता डिझेल लिटरला ९० रुपये धरू. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीस किलोमीटरला साडेसात रुपये लागतात, १० देणाऱ्या थकलेल्या गाडीस नऊ. हा दीड रुपयाचा फरक वर्षास ३०,००० व चार वर्षांत १,२०,००० होतो. अर्थात लाखभर रुपये स्वस्त मिळालेली थकलेली गाडी प्रत्यक्षात महागच पडली. हंगामात गाडी गॅरेजमध्ये उभी राहिल्याने जो माल गेला नाही त्याची नोंद तर वहीत होतच नाही.

६. आपण विक्रेते असताना

आजचा ग्राहक उद्याचा विक्रेता असतो. गाडी देऊन पैसे घेतले म्हणजे व्यवहार संपला, असे मानू नये. नोंदणी जोवर आपल्या नावे आहे तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक आपणच. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या निकालात ठरविले; गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी तिची झळ प्रथम विक्रेत्यास लागते. म्हणून फॉर्म २९ व ३० सहीनिशी दाखल होऊन नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. आणि गाडीतील जे दोष आपणांस ठाऊक आहेत, विशेषतः ब्रेक व सुकाणू यांचे, ते घेणाऱ्यास स्पष्ट सांगावेत. त्याने किंमत पाचदहा हजारांनी उतरेल. न सांगितलेल्या दोषाची किंमत मात्र घाटातील एखाद्या वळणावर एखाद्या अनोळखी कुटुंबास मोजावी लागेल.

चालकाचा सल्ला घेण्यास संकोचू नये, ही आमची अखेरची विनंती. ज्यास दररोज त्या आसनावर बसावयाचे आहे, त्यास परीक्षेच्या दिवशी बरोबर न्यावे, गाडी त्याच्या हाती द्यावी, आणि तो नको म्हणाला तर कारण विचारून सौदा थांबवावा. सांगाडा, कागद आणि भार यांचा मेळ पाहून, चालकाच्या संमतीने घेतलेले साधे वाहन आपल्या सभासदांच्या दारी दीर्घकाळ सुखरूप चालो, अशी जिनचरणी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.